मूर्तिजापूरला बारा मिनिटं

१. कागद आणि माणूस

बार्शीटाकळीच्या किसनरावांच्या रक्तात काळजीसारखं काही नाही, असा छापील कागद अमरावतीहून अकोल्याला आला, तेव्हा किसनराव अतिदक्षता विभागात एकशे चार तापात बरळत होते. निमित्त काय, तर शेतात तुरीचं खुट पायात घुसलं. चार दिवस हळद दाबून बसले, आणि पाचव्या दिवशी जखमेचं विष अंगभर पसरलं.

डॉ. जिब्रान यांनी कागद वाचला, पेशंटकडे पाहिलं, आणि कागद बाजूला ठेवून औषध चालू ठेवलं. बरं झालं बाप्पा. शुक्रवारी सकाळी किसनरावांनी मुगाच्या खिचडीला नाक मुरडलं आणि ज्वारीची भाकर मागितली, तेव्हा जिब्राननी सुटकेचा श्वास सोडला. मग त्यांनी फोन उचलला आणि अमरावतीच्या त्या लॅबला असं काही सुनावलं की विचारू नका.

लॅब राजापेठेतली, डॉ. रागिणी वानखडे यांची. त्यांच्याकडे एक मशीन होतं. रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्यात एकीमागून एक, रांगेनं, लेझरच्या उजेडासमोरून जात. अंगात जंतूंनी धुमाकूळ घातला की या पेशी आपल्या अंगावर एक खूण उभी करतात. तिचं नाव सीडी चौसष्ट. त्या खुणेला चिकटणारा एक रंग रक्तात घालायचा. खुणा जितक्या जास्त, तितकी पेशी चमकते, आणि मशीन ती चमक मोजतं. मग रोज एका धडधाकट माणसाचं रक्तही तसंच मोजायचं. त्याला लॅबमध्ये 'मापाचं रक्त' म्हणत. रोग्याची चमक धडधाकटाच्या किती पट, तो आकडा कागदावर. एकच्या आसपास आला तर निवांत, दीडच्या वर गेला तर धावा. किसनरावांचा आला होता एक पॉइंट तीन.

जिब्राननी मागचे कागद काढून पाहिले. दीड महिन्यापासून आकडे हळूहळू खाली सरकत होते. सोमवारपर्यंत कारण कळलं नाही तर अकोल्याहून रक्ताचा एक थेंबही येणार नाही, असं सांगून त्यांनी फोन ठेवला.

रागिणीबाईंना मात्र कारण त्याच दुपारी सापडलं. त्यांच्या मते ते कारण होतं वकार. अकोल्याहून रोज सकाळी व्हॅनमधून रक्ताची थंड पेटी आणणारा माणूस. व्हॅनला लावलेलं यंत्र सांगत होतं की गाडी महिनाभरापासून रोज मूर्तिजापूरला बारा मिनिटं थांबते. ना ठरलेला थांबा, ना कोणाला सांगितलेलं कारण. पेटी उन्हात तापत असणार. विचारलं तर वकार खाली मान घालून उभा राहिला.

रागिणीबाईंनी दुसरा फोन अकोल्यातल्या बैदपुऱ्यात लावला, कुलसुमबीला.

कुलसुमबीनं सरकारी रक्तपेढीत छत्तीस वर्षं काढली होती. रागिणीबाई शिकत होत्या तेव्हा त्यांच्या हातात पहिली सुई हिनंच दिली, तेव्हापासून त्या तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणत. वय बासष्ट, चष्मा जाड, आणि नजर चष्म्यापेक्षा तेज. आणि वकार हा तिचा जावई, लेक तुबाचा नवरा.

"तुमचा जावई म्हणून आधी तुमाले सांगून राहिले खाला. सोमवारी मी त्याले काढणार."

"दामाद असला म्हणून काय झालं? चुकला असन तर मीच त्याले गाडीतून उतरवीन," कुलसुमबी म्हणाली. "पण आधी पाहू तर दे."

२. डोमाजीचा गाडा

खरं सांगायचं तर कुलसुमबीचं जावयाबद्दलचं मत फार काही थोर नव्हतं. माणूस सालस, पण तोंडात मूग. दहा प्रश्न विचारावे तेव्हा एकाचं अर्धं उत्तर. तुबा म्हणायची, अम्मी, मनाचे लय चांगले आहेत. कुलसुमबी म्हणायची, चांगला तर आपल्या गल्लीतला बकराही आहे.

शनिवारी सकाळी तिनं दोन कामं केली. जिब्रानकडे जाऊन उजव्या हाताचं रक्त काढायला लावलं, आणि ती जांभळ्या टोपणाची ट्यूब पेटीत ठेवून स्वतः वकारच्या बाजूला जाऊन बसली. वकारला घाम फुटला. फेब्रुवारीची थंडी अजून पुरती गेली नव्हती, तरी फुटला.

पेटी तिनं वाटेत तीनदा उघडून पाहिली. गारवा जागच्या जागी होता. जावई असून त्यानं पेटीवर ओलं पोतं टाकलं होतं, हे तिनं मनातल्या मनात त्याच्या नावावर जमा केलं.

मूर्तिजापूर आलं. वळणावर निंबाखाली एक म्हातारा कवठांचा गाडा लावून बसला होता. व्हॅन दिसताच तो उठला. त्याच्या हातात दोन कवठं तयारच होती.

"वकारभौ, आज थांबत नाई काय?" तो ओरडला. "पिकलेले निवडून ठेवले ना!"

वकारनं सासूकडे पाहिलं नाही आणि म्हाताऱ्याकडेही पाहिलं नाही. गाडीचा वेग तेवढा वाढला. कोण होता म्हणून विचारलं तर म्हणाला, डोमाजी. कायले बोलावून राहिला म्हणून विचारलं तर म्हणाला, काही नाही अम्मी.

कुलसुमबीनं पायाखाली पाहिलं. सीटखाली कवठाच्या कवटीचा टणक तुकडा पडला होता. आता यातली गंमत अशी, की वकारला आंबट चालत नाही. कैरीचं नाव काढलं तरी त्याचे दात आंबतात. घरी तुबानं या हंगामात एक कवठ पाहिलेलं नव्हतं.

मग रोज दोन कवठं जात होती कोणाच्या घरी?  कुलसुमबी आली होती रक्ताची चोरी शोधायला, आणि आता तिला भलतीच चोरी दिसू लागली होती. तिची तुबा तिकडे दोन लेकरांचे डबे भरत असेल, हे आठवून तिला वकारचा कान पिळावासा वाटला.

३. लोखंडी जिना

लॅब पहिल्या मजल्यावर. समोरचा जिना चांगला रुंद, एक्स-रेच्या खोलीवरून वर जाणारा. मागं एक लोखंडी जिना होता, गंजलेला, उभा. व्हॅनमधून उतरताना कुलसुमबीनं पाहिलं, तर सुभद्रा त्या मागच्या जिन्यानं कठड्याला धरत धरत वर चालली होती.

सुभद्रा ही लॅबमधली जुनी टेक्निशियन. चौतीस वर्षांची, हसरी, हात इतका हलका की सुई टोचली हे पेशंटला नंतर कळायचं. कुलसुमबीच्या डाव्या हाताचं रक्त तिनंच काढलं. ही दुसरी ट्यूब, ताजी, जागेवरची. दोन्ही ट्यूबा मशीनवर लावायला सांगून कुलसुमबी चौकशीला बसली. येताना तिनं राजकमल चौकातून गरमागरम गिला वडा आणला होता. खाताना माणूस खरं बोलतो, असा तिचा छत्तीस वर्षांचा अनुभव.

पहिला बसला शिवम. मशीन चालवणारा हा पोरगा मशीनवर जीव टाकायचा, रोज स्वतःच्या रुमालानं ते पुसायचा. दोन प्लेट वड्यानंतर त्यानं कबूल केलं की जानेवारीत एकदा रंगाची बाटली फ्रीजबाहेर राहिली होती, उघडी, उजेडात, चांगली दोन तास. मॅडमना सांगितलं नव्हतं. त्याचा चेहरा रडवेला झाला होता. मापाचं रक्त कोण देतं असं विचारलं, तर म्हणाला, आधी मी अन् सुभद्राताई आळीपाळीनं देत होतो, पण डिसेंबरात मला डेंगू झाला, तेव्हापासून त्याच देतात.

"अन् त्या मागच्या जिन्यानं काहून येतात?"

"व्यायाम होते म्हणतात," शिवम म्हणाला. "दोन महिने झाले. आधी तर लिफ्ट पाहिजे म्हणून मॅडमशी भांडत होत्या."

मग सुभद्रा आली. तिनं प्लेट घेतली, तोंड फिरवलं आणि प्लेट खिडकीत नेऊन ठेवली. शिवम मागून म्हणाला, ताई, एका वेळी तीन वडे खाणाऱ्या तुम्ही. सुभद्रा म्हणाली, पोट बरं नाही. कुलसुमबीनं तब्येतीचं विचारलं तर ताप नाही, खोकला नाही, काही नाही. चेहऱ्यावर उलट तेज होतं.

लिहायला पेन हवा म्हणून सुभद्रानं खण उघडला. आतून वास आला, पिकल्या कवठाचा आणि गुळाचा.

कुलसुमबीनं हातातला घास प्लेटमध्ये परत ठेवला. गाडीत कवठ, खणात कवठ. जावई मूर्तिजापूरला थांबतो, आणि ही बाई चोरट्या जिन्यानं येते. या अल्ला, आता तुबाले काय सांगू?

४. अर्धी कुलसुमबी

तेवढ्यात शिवमनं हाक मारली. रागिणीबाईही आल्या. पडद्यावर रंगीत ठिपक्यांचे थवे दिसत होते. एकेक ठिपका म्हणजे एकेक पेशी. थवे स्वच्छ, आपापल्या जागी. आणि खाली आकडे होते. अकोल्याहून आलेल्या ट्यूबचा शून्य पॉइंट पाच, इथं काढलेल्या ट्यूबचाही शून्य पॉइंट पाच.

रागिणीबाई म्हणाल्या की आज गाडी थांबलीच नाही, तर पेटी तापणार कशी.

कुलसुमबी म्हणाली, "पेटीचं सोड. दुसरी ट्यूब तर गाडीत बसलीच नाई. तिचा आकडा काहून पडला?"

 कुलसुमबीनं चष्मा पुसला. जावयावरचा राग तिनं घडीभर दाराबाहेर ठेवला आणि तिच्यातली रक्तपेढीवाली बाई जागी झाली. ती एकेक गोष्ट बोटावर मोजू लागली. पेटी खराब असती तर पेशी मेल्या असत्या, थवे विस्कटले असते. ते तर रांगोळीसारखे स्वच्छ आहेत. रंग फिका पडला म्हणावं, तर एकाच बाटलीतला रंग रोग्यालाही घालतात आणि मापाच्या रक्तालाही. दोघं सारखेच फिके पडतील, पट तीच राहील. इथं शिवमनं इतका मोठा श्वास सोडला की टेबलावरचा कागद उडाला. मशीन बिघडलं म्हणावं, तर तेही दोघांना सारखंच मोजतं.

"किसनराव बिमार असून कमी निघाले, ते एक. पण मी चांगली धडधाकट बाई. सकाळी दोन भाकरी खाऊन निघाली. मी धडधाकटापेक्षाही अर्धी कशी निघाली? माणूस अर्धा होत नाई, रागिणी. तो ज्या मापानं मोजला ते माप दुप्पट झालं असन. म्हणजे तुमचं मापाचं…"

आणि ती मध्येच थांबली. दारात सुभद्रा उभी होती, कठडा धरावा तशी एका हातानं चौकट धरून.

कुलसुमबीनं तिच्याकडे पाहिलं. मागच्या जिन्यानं येणारी बाई. तो जिना चढायला अवघड, पण एक्स-रेच्या खोलीवरून जात नाही. तीन वडे खाणारी बाई, आता तळणाच्या वासानं तोंड फिरवते. ताप नाही, खोकला नाही, चेहऱ्यावर तेज. आणि खणात आंबटगोड कवठ.

दोन्ही चोऱ्यांची गाठ एकाच वेळी सुटली. कुलसुमबीला हसूही आलं आणि रडूही आलं.

"म्हणजे काय खाला?" रागिणीबाईंनी विचारलं.

"दहा मिनिटं दे मले," ती म्हणाली, आणि सुभद्राचा हात धरून तिला बाहेर घेऊन गेली.

५. सुभद्राची गोष्ट

लोखंडी जिन्याच्या वरच्या पायरीवर दोघी बसल्या. खाली वकार व्हॅन पुसत होता. पुसलेलीच व्हॅन तो पुन्हा पुसत होता.

"कितवा?" कुलसुमबीनं विचारलं.

सुभद्रानं आधी नकारार्थी मान हलवली, मग ओठ चावला, आणि मग पदराआड रडायलाच लागली. चौथा महिना भरत आला होता. लग्नाला अकरा वर्षं. याआधी दोनदा दिवस गेले होते. दोन्ही वेळा तिसऱ्यातच गावभर पेढे झाले, आणि दोन्ही वेळा आठवड्याभरात सगळं संपलं. या वेळी सासूनं चोरओटीसुद्धा दार लावून भरली आणि बजावलं, पाचव्याची ओटी भरेपर्यंत भिंतीलाही सांगायचं नाही. म्हणून सुभद्रानं मापाचं रक्त देणं थांबवलं नाही. नाही म्हटलं असतं तर कारण सांगावं लागलं असतं. चमचाभर रक्तानं काय होते, असं तिनं स्वतःला समजावलं होतं.

आणि वकार? त्यानं एकदा तिला मागच्या नळाजवळ उलटी करताना पाहिलं. दोन लेकरांचा बाप, त्याला सांगावं लागलं नाही. बोलला काहीच नाही. दुसऱ्या दिवशी फक्त विचारलं, भाभी, काय खावंसं वाटतं? कवठ, ती म्हणाली. त्या दिवसापासून रोज दोन. सावलीत गाडी लावायची, डोमाजीकडून वास घेऊन घेऊन निवडायची, म्हणून बारा मिनिटं. कोणाला सांगणार नाही अशी तिनं त्याला शपथ घातली होती. काल मॅडमनी गोष्ट नोकरी जाण्यावर आणली तरी त्यानं तोंड उघडलं नव्हतं.

कुलसुमबीनं खाली पाहिलं. नऊ वर्षं ज्याला ती मुका म्हणत आली होती, तो माणूस चिंधी पिळत होता. तिला स्वतःची लाज वाटली, आणि अभिमानानं ऊरही भरून आला.

मग तिनं हलक्या आवाजात रक्ताचं सांगितलं. सुभद्राचा चेहरा पांढरा पडला. "माह्या बाळाले काही झालं काय?"

"काही नाई झालं गं माय. बाई दोन जिवांची झाली की तिच्या पांढऱ्या पेशी आपोआप जाग्या राहतात. रोगासाठी नाई, बाळासाठी. रक्तपेढीत मी हजारदा पाह्यलं. तुझं रक्त दोघांसाठी पहारा देऊन राहिलं, म्हणून ते चमकते. पण बाकीच्यायले त्याच्यानं मोजलं की सगळे बिमार फिके दिसतात."

सुभद्रा रडता रडता हसली. मग तिनं कुलसुमबीचे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, सांगू नका, ओटीला अठरा दिवस राहिलेत. कुलसुमबीनं वचन दिलं. देताना तिला पक्कं ठाऊक होतं की या वचनात तिच्या मुलीच्या घरची रोजी अडकलेली आहे.

६. कारण

आत आल्यावर ती रागिणीबाईंना एवढंच म्हणाली, की मापाचं रक्त बदल. माझं घे, आणखी चौघांचं घे, पाचांची सरासरी काढ. जुन्या रोग्यांची चमक मशीनमध्ये साठवलेली आहेच, तिला नव्या मापानं मोज. शिवमनं तिथल्या तिथं किसनरावांचा आकडा कुलसुमबीच्या रक्तावर काढून पाहिला. दोन पॉइंट सहा. जिब्राननी डोळ्यांनी जे पाहिलं होतं, तेच आता कागद सांगत होता.

रागिणीबाई खूश झाल्या, पण त्या डॉक्टर होत्या, भोळ्या नव्हत्या. मापाचं रक्त काहून बिघडलं, ते सुभद्रालाच विचारते म्हणाल्या. आणि वकारला वर बोलावलं. रक्त बिघडवलं नाही हे मान्य, पण रोज पेटी घेऊन बारा मिनिटं कशाला थांबतो ते जो सांगत नाही, त्याच्या हातात मी लोकांचं रक्त कसं देऊ? कारण सांगा, मी नोकरीवर ठेवते.

वकारनं खाली पाहिलं. कुलसुमबीनं खिडकीतून बाहेर पाहिलं. सासू-जावई पहिल्यांदाच एका बाजूला उभे होते, आणि दोघंही गप्प होते.

"ठीक आहे," रागिणीबाई म्हणाल्या. "चाबी ठेवा."

वकारनं खिशातून व्हॅनची चाबी काढली आणि टेबलावर ठेवली. सलाम केला आणि वळला.

दारात सुभद्रा उभी होती. तिनं त्याची वाट अडवली.

"मॅडम, ते बारा मिनिटं माह्ये हायेत," ती म्हणाली.

आणि तिनं सांगितलं. सगळ्यांसमोर, पोटावर हात ठेवून, अठरा दिवस आधी.  शेवटी म्हणाली, ज्या माणसानं माझ्यासाठी चाबी ठेवली, त्याच्यापुढं मी तोंड लपवलं तर या बाळाले काय सांगू?

 रागिणीबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. गरोदरपणात ही खूण वाढते हे त्यांनी स्वतः पुस्तकात वाचलं होतं. प्रत्येक रोग्याला छप्पन्न प्रश्न विचारणारा फॉर्म त्यांनीच बनवला होता. फक्त धडधाकट माणसालाही काही विचारायचं असतं, हे सुचलं नव्हतं. त्या उठल्या आणि सुभद्राला मिठी मारून लहान मुलीसारख्या रडल्या. शिवम मशीनचाच रुमाल घेऊन डोळे पुसत होता.

नंतर रागिणीबाईंनी जिब्रानना फोन करून चूक माझी, असं सरळ सांगितलं. दीड महिन्यातले सगळे आकडे नव्या मापानं काढून प्रत्येक डॉक्टरला कळवले. नशीब असं की सगळ्यांनीच कागदापेक्षा माणसावर जास्त भरवसा ठेवला होता. कोणाचं काही बिघडलं नव्हतं.

ओटी झाली ती थाटात. पुढच्या रविवारी किसनरावांनी सगळ्यांना बार्शीटाकळीला रोडग्यांच्या जेवणाला बोलावलं. पायाला पट्टी बांधून ते स्वतः गोवऱ्यांच्या आरावर कणकेचे रोडगे उलटत बसले, आणि अमरावतीच्या कागदानं मला मारलं होतं पण मी ऐकलं नाही, असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत राहिले. सुभद्रानं पाच रोडगे खाल्ले. कुलसुमबीनं वांग्याच्या भाजीतलं सगळ्यात मोठं वांगं वकारच्या ताटात वाढलं. तुबा पाहतच राहिली. नऊ वर्षांत असं झालं नव्हतं.

सोमवारी वकार पेटी घेऊन निघाला, तेव्हा त्याच्या हातात व्हॅनच्या फेरीचा नवा तक्ता आला. अकोला, सुटण्याची वेळ. अमरावती, पोचण्याची वेळ. मध्ये रागिणीबाईंच्या अक्षरात एक नवी ओळ होती. मूर्तिजापूर, थांबा बारा मिनिटं, गाडी सावलीत. पुढं कारणाचा रकाना होता, आणि त्यात लिहिलं होतं: कवठ.